उंबऱ्याआडची ओळ

भैरववाडी, चाकणजवळ
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

तेजे,

तुझी विसरायची खोड लहानपणापासूनची. डबा विसरायचीस, डबा हातात दिला की दप्तर विसरायचीस. एकदा एकाच पायात चप्पल घालून शाळेत गेलीस आणि बाईंनी दुसरी कुठाय विचारल्यावर म्हणालीस, आज्जीला विचारून सांगते. तेव्हा आता आज्जी जिवंत आहे हेच तू विसरलीस, याचं मला फार नवल वाटलं नाही. म्हणून आधी तेवढं सांगते. मी आहे. गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पण आहे.

मी गेले हे मला मागच्या गुरुवारी कळलं. ओट्यावर लसूण सोलत बसले होते. स्वरूपा मोबाइल घेऊन पळत आली, "आजी, तुमच्या तेजस्विनीताई दिसायल्यात बघा!" स्वरूपा म्हणजे आपल्या मागच्या खोलीतली भाडेकरीण, लातूरकडची. कंपनीत गाड्यांचे दिवे तपासते, गुरुवारी सुट्टी असते. एकेकाळी गाजलेली माणसं आता काय करतात, असा तो कार्यक्रम होता. तू बेळगावच्या शाळेत पोरांना गाणं शिकवतेस हे मला तिथंच कळलं. केस कापलेस. वाईट दिसत नाहीत.

मग त्या मुलाखत घेणाऱ्या मुलानं विचारलं, "'पिवळी' हे गाणं तुम्हाला सुचलं कसं?" तू म्हणालीस, "माझंच आहे. आजी थोडंफार गुणगुणायची. ती आता नाही." असं म्हणून खाली बघितलंस. त्या मुलानंही तोंड पाडलं.

स्वरूपा माझ्याकडं बघते, मी स्वरूपाकडं. मी म्हणलं, "काय गं, कदी गेले मी? दिवस तरी घातले का न्हाई कुनी?" पोरगी हसावं का रडावं या विचारात. मग मीच हसले. हसत हसत लसूण सोलला तर सालं भांड्यात आणि पाकळ्या केरात.

तुझा नंबर लागत नाही. लागला तर माझा आवाज ऐकून बंद होतो. म्हणून हे पत्र. शाळेचा पत्ता स्वरूपानं शोधला. शाळेत आलेलं पत्र चार बायांसमोर फाडता येत नाही, हे मला माहीत आहे.

मी सांगते आणि स्वरूपा लिहिते, पण मी बोलते तसं ही लिहीत नाही. शाळेत पहिली यायची म्हणे. माझं 'न्हाई' हिच्या पेनातून 'नाही' होऊन उतरतं. तू मनातल्या मनात मोडून घे.

मला एवढंच विचारायचं आहे. माणसं रागावतात, बोलत नाहीत, तोंड बघत नाहीत. ते सगळं तू केलंस, मी काही म्हणाले नाही. पण जिवंत माणसाला मारून टाकायचं, तेही हळू आवाजात, डोळे खाली घालून? असं काय केलं होतं मी?

तुझी (अजूनची) आज्जी,
रुक्मिणीबाई


गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

तेजे,

दोन गुरुवार गेले. पोस्टमन आपल्या गल्लीत येतो तो विजेच्या बिलापुरता. मी त्याला विचारलं, "बेळगावचं काय हाय का रे?" तर म्हणतो, "आज्जी, पत्र कोण लिहितंय आता?" मी म्हणलं, "मी लिहिते." त्यानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं. गावभर माहीत आहे ना.

तू विसरली असशील म्हणून तुझीच गोष्ट तुला सांगते. त्या कार्यक्रमात तू सांगितलीस ती निराळीच होती. त्यात कॉलेज होतं, दुबई होती, टाळ्या होत्या. माझं स्वयंपाकघर कुठं नव्हतं.

तू सहा वर्षांची होतीस, तेव्हा तुझी आई, माझी जयमाला, गेली. तुझ्या बापानं, रविराजनं, पिंपळे गुरवला दुसरा संसार मांडला आणि तू माझ्याकडं आलीस. लाटणं तोंडापुढं धरून गायचीस. मी भाकरी थापायची, तू परातीवर ठेका धरायचीस, पिठाचे हात सगळ्या घरभर. सतराव्या वर्षी एक दिवस येऊन म्हणालीस, "आज्जी, मी बँडमध्ये गाणार. बाबांना सांगू नको." मी तुझ्या बापाला सांगितलं की पोरगी चिंचवडला शिवणाच्या क्लासला जाते. दोन वर्षं रेटलं ते. एकदा तो म्हणाला, "एवढं शिवण शिकली, एखादा परकर तरी शिवला का?" मी माझाच परकर पेटीतून काढून त्याच्यापुढं टाकला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "टीप बरी आहे."

असं खोटं मी तुझ्यासाठी बोललेय. एक नाही, वीस.

बँड काढला दिग्विजयनं. अण्णासाहेबांचा मुलगा. अण्णासाहेब कंपन्यांची कँटीनं चालवायचे, म्हणून तुमचा पहिला कार्यक्रम एका कंपनीच्या कुटुंबमेळाव्यात झाला, लिंबू-चमचा आणि बक्षीस समारंभ यांच्या मधल्या वेळात. पाच जण होतात म्हणून नाव ठेवलं 'पाचवा गिअर'. मी म्हणलं, "चाकणच्या या गर्दीत दुसऱ्या गिअरच्या पुढं कोन जातंय?" पण तुम्ही गेलात. गणपतीत गायलात, सोसायट्यांत गायलात, आणि मग 'पिवळी' आलं. त्या वर्षी असं एक लग्न नव्हतं की हळदीला ते वाजलं नाही. माणच्या आयटी पार्कातल्या उंच उंच इमारतींतली कॉम्प्युटरवाली पोरंही पिवळे कुडते घालून त्याच्यावर नाचायची. तू दुबईहून माझ्यासाठी खजूर आणलेस. मी सगळ्या वाडीत वाटले, नातीनं आणले म्हणून.

मग तुझं आणि दिग्विजयचं फाटलं. तो म्हणायचा गाणं बँडचं, तू म्हणायचीस माझं. तू बाहेर पडलीस आणि त्याला 'पिवळी' गायला बंदी करायला निघालीस. तेव्हा तो माझ्याकडं कागद घेऊन आला. मी अंगठा दिला. मला वाचता येत नाही, त्यानं वाचून दाखवला नाही. हे मी तेव्हाच तुला सांगितलं होतं आणि आजही तेच सांगते.

त्यानंतर तू एकटीनं दोन गाणी काढलीस, ती कुणी ऐकली नाहीत. घशाला गाठ आली, ती काढली, मग वरचा सूर लागेना. हे सगळं मला लोकांकडून कळलं. घसा दुखला की तू माझ्याकडं यायचीस, हळद-दूध प्यायला. या वेळी आली नाहीस.

आता नवी गोष्ट. रविवारी दिग्विजय आला होता. पोट सुटलंय. पाया पडला आणि म्हणाला, "आज्जी, माघी पौर्णिमेच्या उत्सवात आपल्या वाडीत 'पाचवा गिअर' परत उभा करतोय. नवी पोरगी आणलीय गायला. पण मान तुमचा. तुमी फक्त स्टेजवर या राव. पुढची खुर्ची तुमची. शाल, श्रीफळ, माइक हातात. पहिली ओळ तुमी म्हणायची आणि सांगायचं, हे आपल्या वाडीचं, वाडवडलांपासूनचं गाणं हाय. बास."

मी म्हणलं, विचार करून सांगते.

करतेय.

रुक्मिणीबाई

(ताई, या दोन ओळी मी माझ्या मनानं लिहिते, आजींना कळणार नाही. तुमचा तो कार्यक्रम त्यांनी मला सात वेळा लावायला सांगितला. "ती आता नाही" आलं की दर वेळी म्हणतात, "थांब, पुन्यांदा लाव." — स्वरूपा)


गुरुवार, १ जानेवारी २०२६

तेजे,

या स्वरूपानं मागच्या पत्रात काहीतरी जास्तीचं लिहिलं. माझं बोलणं संपलं आणि हिचं पेन चालूच. मला अक्षर कळत नाही, पण पेन किती वेळ चालतंय ते कळतं. विचारलं तर लाल झाली. काय लिहिलंस ते सांग म्हणलं, तर सांगेना. असू दे. माझ्या मागं चार गोष्टी बोलणारं कुणीतरी घरात आहे, हेही बरंच.

आज मला जे सांगायचं आहे ते हिनं लिहायचं आणि मला तीनदा वाचून दाखवायचं, असं ठरलंय. तीनदाचं तुला माहीत आहे. आपली जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा साहेब कागद घेऊन आला होता. मी त्याला म्हणलं, वाच. त्यानं वाचला. म्हणलं, आता सावकाश वाच. मग म्हणलं, आता शेवटून वाच, बघू तेच निघतंय का. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर अंगठा दिला. साहेबाला घाम फुटला होता. आजही वाडीत कुणी घासाघीस करायला लागलं की म्हणतात, रुक्मिणीबाईसारखं तीनदा नको करू.

आणि म्हणूनच तू त्या दिवशी दारात उभी राहून, हातात त्या कागदाची झेरॉक्स धरून, म्हणालीस, "आज्जी, सातबाऱ्याला तीनदा वाचून घेणारी तू. हा एकदाही वाचून न घेता दिलास?" मी म्हणलं, "व्हय." तू चप्पल घातलीस आणि गेलीस. दोन्ही पायांत घातलीस. त्या दिवशी काही विसरली नाहीस.

तेजे, त्यानं वाचून दाखवला होता. तीनदा.

"सदर गीत पारंपरिक असून आमच्या वाडीत पिढ्यानपिढ्या गायले जाते. ते कोणा एका व्यक्तीने रचलेले नाही." माझं पाठ आहे. हे खोटं आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. दुसऱ्या वाचनात कळलं की यानं तुझा हक्क जाणार. तिसऱ्यांदा वाचायला लावलं ते फक्त सवयीनं. मग अंगठा शाईत बुडवला.

(ताई, इथं आजींनी लिहिणं थांबवायला सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं. हे त्यांनाही वाचून दाखवणार आहे. — स्वरूपा)

आता का दिला ते ऐक.

तुझ्या आईच्या हळदीला मला विधवा होऊन सात वर्षं झाली होती. मांडवात बसली होती माझी लेक, आणि तिला पहिली हळद लावली ती माझ्या जावेनं, सुभद्राबाईनं. मी पांढऱ्या कपाळाची, मी मांडवात यायचं नाही. मी स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत. पण गाणी सगळी माझी पाठ. म्हणून रीत अशी पडली होती की मी आतून ओळ सांगायची आणि बाहेरच्या सवाष्णींनी ती उचलायची. वाडीतल्या किती लग्नांत मी अशी आतून गायले, आणि लोक म्हणायचे, सुभद्राबाईचा गळा काय गोड.

त्या दिवशी मला नवीनच ओळ आली. मी आतून सांगितली.

मांडवात बसली लेक, सोन्यावाणी पिवळी

बाहेर उचलली. झकास उचलली. मग मी दुसरी सांगितली.

उंबऱ्याच्या आत आई, सावलीवाणी सावळी

बाहेर कुणी उचलेना. मग सुभद्राबाईचा आवाज आला, "पुढचं घ्या गं, पुढचं घ्या." आणि दुसरंच गाणं सुरू झालं. ती ओळ मी पुन्हा कुठं म्हणले नाही. म्हणले ती तुझ्यापाशी, भाकरी थापताना. तुला पाठ झाली. तू दहा वर्षांची असताना म्हणालीस, "आज्जी, मी मोठी झाले की तुला सगळ्यांच्या पुढं उभी करणार."

मी असली बोलणी फार मनावर घेत नाही. पण ते घेतलं.

मग तुझं गाणं आलं. सोन्यावाणी पिवळी, पिवळी, पिवळी, वर ढोल, खाली ढोल. पहिली ओळ घेतलीस, दुसरी टाकलीस. मी स्वतःची समजूत काढली. म्हणलं, हळदीत नाचायला उंबऱ्यातली आई कशाला? मग चिंचवडच्या नाट्यगृहात तुमचा मोठा कार्यक्रम होता. तू गाडी पाठवलीस. मी कवळी बसवली, नवं लुगडं नेसले. सांगितलं होतंस, पहिल्या रांगेत बसायचं आणि शेवटी स्टेजवर यायचं. आणि आल्यावर काय? "आज्जी, फार गर्दी आहे, तुला झेपायची नाही, तू मेकअपच्या खोलीत बस." मी बसले. आरशाभोवतीचे दिवे मोजत बसले. शेवटाला पडद्यामागं येऊन उभी राहिले. बाहेर माझी ओळ, तिच्यावर हजार माणसं नाचतायत, आणि मी परत आत. या खेपेला मला सुभद्राबाईनं नाही, तू आत ठेवलंस. आणि पडद्याच्या त्या बाजूला माइक धरलेली एक मुलगी तुला विचारत होती, गाणं कुणाचं? तू म्हणालीस, "माझंच."

पुढं वर्षाच्या आत दिग्विजय कागद घेऊन आला. मला वाटलं, माझं नाही ना? मग तुझंही नको.

हे बरं केलं असं मी म्हणत नाही. पण झोप लागली त्या दिवशी. हेही लिही गं, स्वरूपा.

रुक्मिणीबाई


गुरुवार, २२ जानेवारी २०२६

तेजे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमन हात उंच करून दाखवत आला, जसं काही त्यानंच लिहिलंय. स्वरूपा दुसऱ्या शिफ्टला निघाली होती, तिला रिक्षा सोडायला लावली.

"दिग्विजयबरोबर स्टेजवर जाऊ नकोस. गेलीस तर पुन्हा मला काही लिहू नकोस. तेजस्विनी."

तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा तेवढंच निघालं. कुणाला लिहिलंय ते नाही. आज्जी म्हणायला शाई संपली का? मी चार पानं लिहवून घेतली, आतडं बाहेर काढून ठेवलं, आणि तू दोन ओळी पाठवतेस, त्याही धमकीच्या. नाट्यगृहाबद्दल एक शब्द नाही. दुसरी ओळ का टाकलीस, त्याबद्दल नाही. एक मात्र झालं. मेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही. तेवढं कबूल करून घेतलं मी तुझ्याकडून.

इकडं हायवेच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागलाय. दोन पुढाऱ्यांच्या मधोमध मी. 'ज्येष्ठ लोकगायिका श्रीमती रुक्मिणीबाई.' स्वरूपानं फोटो काढून आणला. मी बरी दिसते. भाजीवाली म्हणाली, "मावशे, तुम्ही गाता व्हय? आमाला म्हाईतच न्हाई." पन्नास वर्षं तिच्या सासूच्या, नणंदांच्या, लेकींच्या हळदीला मी गायले, आणि हिला माहीत नाही.

खरं सांगते, मला जायचंय. तुला वाटेल म्हातारी शाल-नारळाला भुलली. भुलले. सत्याहत्तर वर्षांची झाले, एकदा मला मांडवात उभं राहून गायचंय. आतून नाही. दिग्विजय लबाड आहे हे मला कळतं, पण पुढची खुर्ची तो देतोय. तू दिली नाहीस.

त्याची अट तीच आहे. माइकवर सांगायचं, हे वाडीचं वाडवडलांपासूनचं गाणं. हजार माणसांसमोर मी ते म्हणले की तुझं उरलंसुरलं संपलं. मग बेळगावच्या शाळेतल्या पोरांनाही कुणी सांगेल, तुमच्या बाईंनी लोकांचं गाणं आपलं म्हणून खपवलं.

मी काय करणार ते मला अजून ठरवता येत नाही. आणि ठरलं तरी तुला आधी सांगणार नाही. तू मला आधी सांगून मारलंस का?

रुक्मिणीबाई


गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

तेजे,

मी गेले. स्टेजवर म्हणते.

लिहू नकोस म्हणाली होतीस, तरी लिहिते. वाचायचं नसेल तर स्टाफरूममधल्या एखाद्या बाईला वाचायला दे. पण दुसऱ्या कुणाकडून तुला अर्धंच कळेल, म्हणून सगळं सांगते.

रविवारी दिवेलागणीला देवळापुढच्या पटांगणात उभं केलं होतं स्टेज. सगळी वाडी, वर फाट्यावरच्या सोसायट्यांतली माणसं, खोल्यांत राहणारी कंपन्यांमधली पोरंपोरी. स्वरूपा मला धरून पायऱ्या चढली. शाल घातली, नारळ दिला. पुढच्या खुर्चीवर बसवलं. तेजे, पुढून काहीच दिसत नाही गं. सगळे दिवे डोळ्यांत. आतून मला मांडवातला एकेक चेहरा दिसायचा. कोण रडतंय, कोण नुसतं दाखवतंय, सगळं. पुढं बसलं की नुसता उजेड. तू इतकी वर्षं या उजेडात काय बघायचीस?

दिग्विजयनं माइक हातात दिला आणि कानात म्हणाला, "आज्जी, पहिली ओळ, मग दोन शब्द. बास." मी पहिली ओळ म्हणले. माझ्या चालीत, जशी तुझ्या आईच्या हळदीला म्हणले होते, जड, सावकाश.  मग मागच्या पोरांनी सुरू केलं, पिवळी, पिवळी, पिवळी. तुझ्या चालीत. टाळ्या, शिट्ट्या. ती नवी पोरगीही हातवारे करून त्यांना चढवायला लागली. आणि मला कळलं की माझ्या चालीत हे गाणं एकानंही उचललं नसतं. पंचवीस वर्षं ते माझ्या परातीत पडून होतं. ते उठवलंस तू. हे मला त्या कागदावर अंगठा देताना कळायला हवं होतं. कळलं नाही. कदाचित कळलं असेल.

मी हात वर केला. थांबले सगळे. मी म्हणलं, "हे आपल्या वाडीचं गानं, वाडवडलांपासूनचं, असं दिग्विजय म्हनतो. त्या कागदावर माझा अंगठा हाय. बरं. मग ह्याची दुसरी ओळ म्हना कुनीतरी."

कुणाला येईना. मी म्हणलं, "सुभद्राबाईच्या सुना हायेत इथं. त्यांनी म्हना. दिग्विजय, तू म्हन. वाडवडलांचं ना? मग येत असंल की."

दिग्विजय हसायला बघत होता. "आज्जी, राव, काय चेष्टा करताय..." मी ती ओळ म्हणले. उंबऱ्याच्या आत आई, सावलीवाणी सावळी.  समोरच्या बायकांमध्ये एक म्हातारी होती, डोक्यावरून पदर घेतलेली, माझ्यासारखीच पांढऱ्या कपाळाची. तिनं तोंडावर हात धरला. दिव्यांतनंही तेवढं दिसलं.

मग मी सांगितलं. "ह्या दोन ओळी मी केल्या, माझ्या लेकीच्या हळदीला, चुलीपाशी बसून. ज्या चालीवर तुमी नाचता ती माझ्या नातीची, तेजस्विनीची. वाडीचं ह्यात काय न्हाई. वाडीनं दुसरी ओळ उचललीसुदिक न्हाई. मी अंगठा दिला तो खोटा दिला. कळून सवरून..."

तिथं माइक बंद झाला. बरोबर तिथंच. दिग्विजयच्या माणसानं वायर ओढली. बाकीचं मी ओरडून सांगितलं. स्वरूपा म्हणते पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं. पुढचं गाणं सुरू झालं, ढोल वाजले, मला पायऱ्यांवरून उतरवलं. शाल परत मागितली नाही. नारळ मात्र कुठंतरी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब स्वतः आले. बसले नाहीत. "रुक्मिणीबाई, गावात राहायचंय ना?" एवढंच म्हणाले. मी म्हणलं, "कार्यक्रम सांगतो की मी मेलेय, तुम्ही सांगता राहायचंय का. आधी तुमचं दोघांचं ठरवा." स्वरूपाच्या मोबाइलमध्ये सगळं आलंय, माइक बंद होईपर्यंतचं. ते ती तुला पाठवेल, तुला लागेल तिथं दाखव. सोबत एक कागदही आहे. त्यात लिहिलंय की शब्द माझे, चाल तेजस्विनीची, आधीचा कागद खोटा. तीनदा वाचून घेतलाय. खाली माझा अंगठा, साक्षीला स्वरूपाची सही.

आता यानं तू-मी सारख्या झालो असं समजू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. माझं खोटं मी ज्या लोकांत केलं त्या लोकांत उभी राहून निस्तरलं. तुझं तू निस्तर. त्याच कार्यक्रमात त्या मुलाला सांग, आज्जी आहे आणि दोन्ही ओळी तिच्या आहेत आणि त्यातली दुसरी मी टाकली होती. का टाकलीस ते मला सांगायचं, त्याला नाही.

रविवारपासून माझा घसा बसलाय. आवाज निघत नाही, स्वरूपा कान तोंडाशी आणून लिहितेय. हळद-दूध झालं, काढा झाला. तोंडाला चव नाही. तुमच्या बेळगावात मांडे करतात ना, तव्यापेक्षा मोठे, पिठीसाखर आणि खसखस भरून घडी घातलेले. एकदा कुणीतरी लग्नातून आणले होते, ती चव जिभेवर आहे. तसले पाठव. चारच पाठव, मला साखर चालत नाही. कुरिअरनं पाठवू नकोस, वाटेत त्याचा चुरा होतो. कुणाच्या तरी हातानं, मांडीवर धरून आणावे लागतात. आणि येणारं माणूस भरवशाचं बघ.

रुक्मिणीबाई